रस्ता खुला, वाट बंद

‘रस्ता जनतेसाठी खुला करण्यात आला’ हे वाक्य आम्ही सरकारी कागदांत इतक्या वेळा वाचले आहे, आणि खरे सांगायचे तर स्वतःच्या हाताने इतक्या वेळा लिहिले आहे, की त्यातील ‘जनता’ म्हणजे नेमकी कोण, हा प्रश्न आमच्या मनात कित्येक वर्षे उद्भवलाच नाही. तो उद्भवला एका मनुष्याच्या मोडलेल्या पायामुळे.

आमच्या कचेरीत एक दफ्तरी आहेत. राजधानीच्या सीमेवरील एका गावात त्यांचे वडिलोपार्जित घर आहे, आणि वीस वर्षे ते त्या घरातून निघून, शेताच्या कडेने व पुढे वसाहतीच्या भिंतीलगत चालत, बसच्या थांब्यावर येत असत. या वाटेवर एके दिवशी रस्ता आला. त्याचे नाव देण्याचे कारण नाही. दिल्लीभोवती अशा रस्त्यांना तोटा नाही. गाव एका बाजूस राहिले, थांबा दुसऱ्या बाजूस गेला. ओलांडण्याची सोय सुमारे दीड किलोमीटरवर होती. एका धुक्याच्या संध्याकाळी घरी परतताना एका मोटारीने त्यांना उडविले. प्राण वाचले, पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही. कागदावर नोंद झाली ती अशी, की सदर इसम निषिद्ध ठिकाणी रस्ता ओलांडत होता. आम्ही त्यांना इस्पितळात भेटावयास गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाबूजी, रास्ता तो हमारा वही था. सडक बाद में आई.”

परप्रांतात राहून ज्यांचे कान हिंदीला सरावले आहेत, त्या आमच्या वाचकांना या दोन वाक्यांतील भेद चटकन उमगेल. ते ज्याला ‘रास्ता’ म्हणाले ती आपली वाट, आणि ज्याला ‘सडक’ म्हणाले तो आपला रस्ता. वाट पावलांनी पडते, रस्ता सरकार बांधते. वाट आधी असते, रस्ता मागून येतो. आणि मागून आलेल्याने आधीच्याला ‘निषिद्ध’ ठरवावे, हा न्याय आम्हांस मान्य नाही. या लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

उदाहरणादाखल आम्ही द्वारका द्रुतगती मार्ग घेतो. वर सांगितलेला अपघात या मार्गावर झालेला नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. परंतु आपल्याकडे उपनगरातील मोठा रस्ता कसा आखला जातो, कसा मोजला जातो आणि कसा उघडला जातो, हे पाहण्यास याहून चांगला नमुना मिळणार नाही. दिल्ली-जयपूर महामार्गावरील शिवमूर्तीपासून निघून द्वारका उपनगराच्या कडेने हरियाणात शिरणारा आणि खेडकी दौला येथे पुन्हा त्याच महामार्गास मिळणारा हा मार्ग सुमारे २९ किलोमीटरांचा आहे. पैकी हरियाणातील सुमारे १९ किलोमीटरांचे उद्घाटन ११ मार्च २०२४ रोजी झाले, आणि दिल्लीच्या हद्दीतील सुमारे १० किलोमीटरांचे १७ ऑगस्ट २०२५ रोजी. दोन्ही वेळा पंतप्रधानांच्या हस्ते. दिल्लीच्या भागातून सुमारे ३.६ किलोमीटरांचा भुयारी मार्ग जातो, आणि आठ पदरी उन्नत रस्ता खांबांच्या एकाच रांगेवर तोलून धरला आहे. स्थापत्यकलेच्या दृष्टीने ही कामे असामान्य आहेत, आणि ज्या अभियंत्यांनी ती केली त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे.

या मार्गावर वादही मोठा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात असे नमूद होते, की किलोमीटरमागे १८.२० कोटी रुपये खर्च गृहीत धरलेला असता या मार्गास २५०.७७ कोटी मंजूर झाले. शिवाय जमिनीवरच रस्ता बांधण्याइतकी रुंद जागा उपलब्ध होती. मंत्रालयाचे उत्तर असे, की भुयार, उन्नत रस्ते आणि बाजूचे रस्ते यांसह बांधलेल्या मार्गाची तुलना साध्या रस्त्याशी करणे चूक आहे. किलोमीटर मोजावयाचे नसून पदर मोजावयाचे. दोन्ही बाजूंची कागदपत्रे वाचण्याची सवय असल्यामुळे आम्ही येथे कोणाचा निवाडा करीत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. त्या सबंध वादात रुपये मोजले गेले, किलोमीटर मोजले गेले, पदर मोजले गेले. दोन लाख टन पोलाद लागले, ते आयफेल मनोऱ्याच्या तीसपट. वीस लाख घनमीटर काँक्रीट लागले, ते बुर्ज खलिफाच्या सहापट, अशी तुलनाही अधिकृतपणे देण्यात आली. पॅरिस आणि दुबईपर्यंत आपली मोजपट्टी पोहोचली. परंतु गावातून थांब्यापर्यंत, घरापासून शाळेपर्यंत चालत जाणारी माणसे किती, त्यांच्या वाटा किती आणि त्यांपैकी शिल्लक किती राहिल्या, हा आकडा त्या वादात ना आरोप करणाऱ्याने मागितला, ना उत्तर देणाऱ्याने पुढे केला. जे मोजलेच जात नाही ते नकाशात येत नाही, आणि जे नकाशात नाही ते जमिनीवर कसे उमटणार?

आता थोडे साधे गणित करू. पदराची रुंदी ३.५ मीटर धरली, तर आठ पदरांची रुंदी २८ मीटर होते. सावकाश चालणारा प्रौढ मनुष्य सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो. म्हणजे ही रुंदी ओलांडावयास त्याला २३ सेकंद लागतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मोटार तेच २८ मीटर एका सेकंदात काटते, आणि त्याच्या २३ सेकंदांत ती सहाशे मीटरांहून अधिक अंतर तोडते. एवढ्या दूरची मोटार दिवसाउजेडी दिसेल. पण धुक्यात, संध्याकाळी, साठी उलटलेल्या डोळ्यांना दिसेल काय? एक सेकंद विरुद्ध तेवीस सेकंद असा हा सामना आहे, आणि तो लावून दिल्यावर हरणाऱ्यालाच आपण बेशिस्त म्हणतो.

या सामन्याचा निकाल सरकारनेच छापला आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत पायी चालणारे ३२,८२५ होते. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा शेकडा दोनच्या आसपास. मृत्यूंत मात्र द्रुतगती मार्गांसह त्यांचा वाटा शेकडा ३६. आणि खुद्द दिल्लीत त्या वर्षी अपघातात मेलेल्यांपैकी शेकडा चाळीसांहून अधिक पादचारी होते. खेड्यात मनुष्य रस्त्याने चालताना मरतो असे एक वेळ म्हणता येईल. राजधानीत, जेथे पदपथ, दिवे आणि पोलीस असावयाचे, तेथे हे प्रमाण असावे याची लाज कोणाला वाटावयाची?

येथे महाराष्ट्रीय वाचकांना एका जुन्या गोष्टीची आठवण देणे उचित होईल. या देशात रस्त्यांचा अखिल भारतीय विचार प्रथम ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. ती १९२७ साली नेमली गेली. १९२८ च्या तिच्या अहवालातून पेट्रोलवरील जादा कराच्या पैशातून मध्यवर्ती रस्ता निधी उभा राहिला, आणि पुढे १९३४ साली ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था जन्मास आली. त्यानंतर १९४३ साली प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते आमच्या नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. तीत एक कसोटी अशी होती, की शेतीच्या विकसित प्रदेशातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये. महायुद्ध चालू होते, राज्य परक्यांचे होते. तरीही मोजणी कोठून सुरू होत होती ते पाहावे. खेड्यापासून! माणूस रस्त्यापासून किती दूर आहे, हा तेव्हाचा प्रश्न होता. आज प्रश्न असा आहे, की मोटार विमानतळापासून किती मिनिटे दूर आहे. गावालगत रस्ता आला, पाच मैलांचे पन्नास पावले अंतर झाले, आणि त्या पन्नास पावलांवरचा बसथांबा दीड किलोमीटरवर गेला. नागपूरच्या त्या अभियंत्यांना हे कोडे सांगितले असते तर त्यांनी ते सुटत नाही म्हणून नव्हे, तर ते कोणी घातले म्हणून डोक्याला हात लावला असता.

आमच्यावर काही आक्षेप येतील, त्यांचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप असा, की वेगवान रस्ते नकोतच काय? असे आम्ही म्हणत नाही. २७ मे २०१८ रोजी खुला झालेला १३५ किलोमीटरांचा पूर्व परिघीय द्रुतगती मार्ग हा दिल्लीत काम नसलेल्या मालमोटारी बाहेरच्या बाहेर वळविण्यासाठी आहे, आणि ज्याने दिल्लीच्या हिवाळ्यात श्वास घेतला आहे तो त्याचे मोल जाणतो. उद्घाटनाची वाट पाहत तो बंद ठेवू नये, असे त्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले होते. तयार रस्ता समारंभासाठी अडवून ठेवणे जसे चूक, तसा चालणाऱ्यापुरता अपुरा असलेला रस्ता समारंभपूर्वक उघडणेही चूक, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप असा, की पादचारी पूल बांधून दिले तरी लोक ते वापरीत नाहीत. या पुलांचा हिशेब करा. खालून उंच वाहने जावीत म्हणून सुमारे साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावयाची, वर पुलाची जाडी. म्हणजे सुमारे सहा मीटरांचा चढ. पंधरा सेंटीमीटरांची पायरी धरली तर चाळीस पायऱ्या चढावयाच्या आणि चाळीस उतरावयाच्या. वाहनाला चढ नको, म्हणून तो गुडघेदुखीच्या आजीबाईला द्यावयाचा! उलट, माणसाला डोक्यावर अडीच मीटर मोकळी जागा पुरते. रस्ता आखतानाच तो वाटेच्या जागी थोडा उचलला, तर माणूस खालून सपाट चालत जाईल, आणि वाहनाच्या यंत्राला तो चढ जाणवणारही नाही. द्वारका मार्गाचा जो भाग खांबांवर उचललेला आहे, तेथे हे सहजसाध्य आहे. परंतु वर उचललेल्या रस्त्याखालीही वेगवान बाजूरस्तेच टाकावयाचे, आणि त्यांच्या कडेला पदपथ वाहने उभी करण्यासाठी सोडावयाचा, असे झाले तर खांबांवरचा खर्च कोणासाठी केला? ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या २०१२ च्या मार्गदर्शक संहितेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची फार तर १५ सेंटीमीटर सांगितली आहे. आमच्या वाचकांनी आपापल्या वसाहतीबाहेर एकदा पट्टी घेऊन जावे. रुंदी कमी भरेल आणि उंची जास्त.

तिसरा आक्षेप नेहमीचा आहे: पैसा नाही. त्याचे उत्तर दिल्ली-गुडगाव द्रुतगती मार्गाने जानेवारी २००८ मध्येच देऊन ठेवले आहे. सुमारे २७.७ किलोमीटरांच्या त्या मार्गावर दिल्ली-हरियाणा सीमेशी पथकर घेण्यासाठी बत्तीस पदरांचा नाका बांधण्यास पैसा होता, जागा होती, आणि तो पहिल्या दिवसापासून सज्ज होता. पायी ओलांडण्याच्या सोयी मात्र अपुऱ्या होत्या, आणि पुष्कळ पूल माणसे मेल्यानंतर एकेक करीत आले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. गंमत अशी, की तो नाका २०१४ साली काढून टाकावा लागला. पूल मात्र आजही हवेच आहेत.

आणि चालणाऱ्याला जागा देता येत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने पंढरीच्या वाटेकडे पाहावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये श्री ज्ञानेश्वर महाराज आणि श्री तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा शिलान्यास झाला, तेव्हा वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पायवाट ठेवण्याचे योजनेतच ठरले. मंत्रालय तेच, मंत्रीही तेच, नागपूरचे श्री. नितीन गडकरी. म्हणजे आराखड्यात पाऊल बसते. पाऊल कोणाचे, यावर अवलंबून असते. वारकऱ्याच्या पावलाला देशात मान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु आषाढी वर्षातून एकदा येते. डोक्यावर गाठोडे घेऊन पाच घरची भांडी घासावयास पलीकडे जाणाऱ्या बाईची वारी रोजची आहे, आणि तिच्या वारीला टाळ-मृदंग नाही म्हणून ती नकाशावर दिसू नये काय? २०२५ च्या मार्चमध्ये श्री. गडकरी यांनीच दिल्लीत जाहीरपणे सांगितले, की अपघातांचे मोठे कारण सदोष प्रकल्प अहवाल हे आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की पादचाऱ्यांस वापरता येतील असे पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. मंत्री सांगतात, न्यायालय सांगते. मग अडते कोठे?

अडते आमच्यापाशी. हे लिहिताना लेखणी जड होते, पण लिहिलेच पाहिजे. दफ्तरींच्या अपघातानंतर आम्ही व आमचे काही शेजारी यांनी मिळून संबंधित कचेरीस एक अर्ज केला: जुन्या वाटेच्या जागी ओलांडण्याची सोय व्हावी. सात आठवड्यांनी उत्तर आले, की आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आला आहे. तो कागद हातात घेतल्यावर आम्हांस प्रथम राग आला नाही, ओळख पटली. हेच वाक्य, याच शब्दांत, आम्ही आमच्या टेबलावरून शेकडो लोकांस धाडले आहे. ते कोणाच्या दारात जाऊन पडते आणि तेथे त्याचा काय अर्थ होतो, हे आम्हांस पहिल्यांदाच कळले. रस्त्याचा आराखडा ज्या टेबलावरून पुढे गेला, तेथेही आमच्यासारखाच एखादा पदवीधर कारकून बसला असेल. प्रस्तावासोबत वाहनांची गणना जोडली आहे, हे त्याने तपासले असेल. पादचाऱ्यांची जोडली आहे काय, हे त्याला तपासावयास कोणी सांगितले नसेल, आणि न सांगितलेले तपासावे असे त्यालाही वाटले नसेल.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत, आणि त्या टेबलावरच पुऱ्या होण्यासारख्या आहेत. पहिली: उपनगरातून जाणाऱ्या कोणत्याही मोठ्या रस्त्याच्या सविस्तर अहवालास आजच्या पायवाटांची यादी आणि त्यांवरून जाणाऱ्यांची गणना जोडलेली नसेल, तर तो प्रस्ताव अपूर्ण समजून परत पाठवावा. दुसरी अधिक महत्त्वाची. वाचकांपैकी कित्येकांना ठाऊक आहे, की रस्त्याची काही कामे शिल्लक असतानाही पूर्ततेचा तात्पुरता दाखला देता येतो, आणि त्या दाखल्यावर वाहने सुरू होतात, पथकरही सुरू होतो. उरलेल्या कामांची एक यादी केली जाते. या यादीत पादचाऱ्यांचे कोणतेही काम घालण्यास बंदी असावी. रंग राहू द्या, झाडे राहू द्या. माणसाने पलीकडे जाण्याची सोय राहिली असेल तर रस्ता पुरा झालेला नाही, एवढे एक वाक्य करारात घाला. पथकराचा पहिला रुपया त्या वाक्यावर अडकला, की पूल आणि भुयारे किती लवकर बांधली जातात ते सर्वांस दिसेल. तिसरी: नव्या रस्त्यावर पहिल्या वर्षी कोठे, किती पादचारी मेले किंवा जखमी झाले, हे त्याच कचेरीने प्रसिद्ध करावे, जिने उद्घाटनाची जाहिरात प्रसिद्ध केली होती.

यांत कोणती क्रांती आहे? तीन टिपणे आहेत. आणि टिपणे लिहिण्याचे काम तर आपलेच आहे. महाराष्ट्रापासून दूर, परक्या शहरांत आपण नोकऱ्या करतो. ही शहरे आपली नव्हेत, बदली झाली की सुटलो, अशी आपल्यापैकी पुष्कळांची मनोधारणा असते. परंतु ज्या कागदावर आपण सही करतो तो कागद बदलीबरोबर जात नाही. तो मागे राहतो, त्याचा रस्ता होतो, आणि त्या रस्त्याच्या कडेला कोणीतरी रोज संध्याकाळी उभा राहतो.

आमचे दफ्तरी आता कामावर येऊ लागले आहेत. बसचा थांबा त्यांनी सोडला. गावातून सामायिक रिक्षा करून ते मोठा वळसा घालून येतात, आणि पूर्वी जे फुकट होते त्याचे महिन्याकाठी पैसे मोजतात. त्या रस्त्याच्या कागदांत ही रक्कम कोठेच नाही. कारण रस्ता जनतेसाठी खुला झाला आहे, आणि तसे वाक्य लिहिलेले आहे. यापुढे ते वाक्य आमच्या टेबलावर आले, तर ‘जनता’ या शब्दापाशी आम्ही समासात एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठविणार आहोत. आपणही काढावे, अशी विनंती आहे.